टाचणीला भोक

५ तारीख, सोमवार

सगळ्यात आधी कोण आलं, तर ती लोडासारखी बाई, आणि आली ती थेट माझ्या खुर्चीत बसली. खिडकीजवळच्या. उशी माझी, पाठीची शाल माझी, आणि ही बसली की ऐसपैस, अंगातला कोटसुद्धा न काढता! मी उभीच. सूनबाईने डोळ्यांनी खुणावलं, आई, असू द्या. दिलं असू. मग तिच्यामागून पाणीखात्याच्या मोठ्या बाई आल्या. त्या उंच, वाळक्या, आणि प्रत्येक वाक्याआधी जरा थांबणाऱ्या. अख्ख्या शहराचं पाणी त्यांच्या हाताखाली आहे म्हणे. मी म्हटलं, तरीच हल्ली नळाला धार बरी येते. त्या हसल्या. लोडवाली हसली नाही, ती बिस्किटं चहात बुडवण्यात गुंतली होती.

आता ह्या आल्या कशाला ते नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यात मीच वाचीन आणि मलाच उमगायचं नाही. माझी नात, खारू, तिने एक भाषा केली आहे. माणसांनी बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला हुकूम द्यायची. शब्द साधेच आहेत, घे, ठेव, दे, पूस, थांब. त्यात लिहून दिलं की यंत्र तसं वागतं. भाषेचं नाव टाचणी. मी शिवणकाम करायचे तेव्हा ही माझ्या मशीनखाली बसून सांडलेल्या टाचण्या वेचायची, त्यावरून. मी म्हटलं होतं, अगं सुई तरी म्हण. तर म्हणाली, "सुईला भोक असतं आजी. माझ्या भाषेला भोक नको."

भोक म्हणजे चोरवाट. भाषाच जर कुठे विरलेली असेल, तर त्या भाषेत जे जे काही लिहिलं त्या सगळ्यात तिथून कुणीही परका शिरू शकतो. पाणीखात्याला त्यांचे पंप आणि झडपा चालवायला नवीन भाषा हवी आहे, म्हणून ह्या दोघी बघायला आल्या. पंपात परका शिरला तर काय होईल, ते मला सांगायला नको.

मोठ्या बाईंनी विचारलं, "आजवर किती भोकं सापडली टाचणीत?"

खारू ताठ बसून म्हणाली, "एकही नाही."

मोठ्या बाईंचं तोंड असं झालं, जसा काही खवट दाणा दाताखाली आला. हातातलं बिस्कीट त्यांनी बशीत ठेवून दिलं. सादळलेलं असणार. डब्याचं झाकण सैल झालं आहे, सूनबाईला सांगायला हवं.

लोडवालीचं काम काय आहे, तर भोकं शोधायचं. त्याचा पगार मिळतो तिला! दिवसभर लोकांनी केलेल्या चांगल्या कामाला चोच मारत बसायचं. मी मनातल्या मनात तिचं नाव सुतारपक्षीण ठेवलं. ती आता महिनाभर टाचणीला टोचून बघणार, आणि महिनाअखेर मोठ्या बाई हो की नाही ते सांगणार.

७ तारीख, बुधवार

काल लिहिलं नाही. काही झालंच नाही, नुसता पाठीचा कणा बोलत होता.

मागची खोली पूर्वी माझी शिवणाची. आता तिथे दोन टेबलं, वायरींचं जंजाळ, आणि त्या जंजाळात खारू आणि घुम्या. घुम्या तिचा कामातला जोडीदार. मुलगा चांगला आहे, पण तोंड उघडायला त्याला पैसे पडतात की काय कोण जाणे. आला की मान हलवतो, गेला की मान हलवतो. मध्ये खारूच्या कपातला चहा संपला की न सांगता उठतो आणि नवीन करून आणतो. स्वतःला घेत नाही. बिचाऱ्याला चहा आवडत नसेल.

ही वही पण टाचणीतच केलेली आहे. टॅबवर बोटाने टिपायची. खारू म्हणाली, "आजी, माझं पहिलं गिऱ्हाईक तू." चौथीत शाळा सुटली माझी, त्यानंतर दुकानाच्या पाट्या आणि अंगाची मापं एवढंच वाचलेलं आणि लिहिलेलं. आता बघा. वहीवर नाव टाकायचं होतं तेव्हा मी "साऱ्यांची आजी" असं टाकलं, कारण गल्लीत शेंबड्या पोरापासून पोस्टमनपर्यंत सगळे मला तेच म्हणतात. पासवर्ड काय ठेवला ते इथे लिहिणार नाही. मी काही इतकी ही नाही.

दुसरी गिऱ्हाइकं म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला, त्याच्या भट्टीचा आणि फाटकाचा हिशोब टाचणी बघते, आणि वाचनालयातल्या चष्मेवाल्या बाई. झालं, एवढीच. आणि लांब लांबचे काही अनोळखी लोक, हौसेखातर.

९ तारीख, शुक्रवार

जेवताना खटका उडाला. तसा तो रोजच उडायच्या बेतात असतो, आज उडाला.

सूनबाई म्हणाली, "कुणीतरी मला एकदा नीट सांगा. एवढी वर्षं झाली. बेकरी, वाचनालय, आणि आजी."

"आजीला धरू नकोस," खारू म्हणाली. "आजी फुकट आहे."

मी म्हटलं, "फुकट असले तरी नेमाने लिहिते हं."

"आई, तुम्ही जरा थांबा. खारू, त्या कचेरीने तुझी जागा धरून ठेवली आहे. महिनाअखेरपर्यंत. पाणीखातं नाही म्हणालं तर तू जायचंस, हे तूच कबूल केलं आहेस."

"केलंय कबूल. जाईन."

"आणि तोंड पाडून जाऊ नकोस."

"तोंडाचं कबूल केलं नव्हतं."

ती कचेरी म्हणजे गाडीने दिवसभराच्या अंतरावरच्या शहरात. मोठी, काचांची. तिथे खारूला दुसऱ्यांच्या भाषेत काम करावं लागेल आणि टाचणी राहील मागच्या खोलीत. लेकाकडे बघितलं, की बाबा तू काही बोल, तर तो पेपरात तोंड खुपसून बसला. पेपर कालचा होता.

सूनबाई वाईट नाही. पण तिला वाटतं मुलीने पोटाला चिमटा काढून हट्ट धरला आहे. मला काय वाटतं? मला वाटतं खारू सकाळी "आजी, चष्मा कपाळावर आहे तुझ्या" असं म्हणते, ते कोण म्हणणार. पण हे काही मी तिला सांगत नाही. अशाने पोरं अडकून पडतात.

१२ तारीख, सोमवार

अगं बाई! अगं बाई गं!

आज सकाळी वही उघडली, म्हटलं मागचं जरा वाचून बघावं, तर गेल्या सोमवारच्या मजकुराखाली हे:

*आजी, खुर्ची तुमची आहे हे माहीत नव्हतं, पुढच्या वेळी स्टुलावर बसेन. आणि मी लोडासारखी नाही. कोट जाड आहे.*

मी काही हे लिहिलं नाही! मी तीनदा चष्मा पुसला. मग हाक मारली, तर अशी मारली की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. खारू आली, तिने वाचलं आणि दारालाच टेकली. चेहरा अगदी धुतलेल्या कापडासारखा. घुम्या तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता, त्याच्या तोंडातून "ओह" असं निघालं, म्हणजे बघा किती मोठी गोष्ट असेल.

"आजी, पासवर्ड कुणाला सांगितलास?"

"तुला तरी सांगितला का?"

मला आधी इतका राग आला. माझी वही! त्यात सूनबाईबद्दल आहे, लेकाच्या घोरण्याबद्दल आहे, शेजारणीच्या केसांबद्दल तर काय काय आहे. आणि मग, आता कुणाला म्हणून सांगू, दुपारी पडल्या पडल्या मला हसूच फुटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मी लिहिलेलं वाचलं, आणि वाचून उत्तर दिलं! आणि कोटाचं म्हणाल तर तिचं बरोबर असेलही. मी काही हात लावून बघितला नव्हता.

खारू जेवली नाही.

१३ तारीख, मंगळवार

सुतारपक्षीण आली. स्टुलावर बसली. कोट काढला. आत अगदी काडी आहे हो! मी कपाटातली चांगली बिस्किटं काढली, आणि वर म्हटलं, "वाचलंत तर वाचलंत, सूनबाईला सांगू नका."

"आजी, मला फक्त सोमवारचं पान दिसलं," ती म्हणाली. बाई सभ्य आहे. मला माहीत आहे तिने सगळं वाचलं.

मग तिने समजावलं, आणि मी खारूकडून पुन्हा दोनदा समजावून घेतलं, तर ते असं आहे. माझ्या नावातला तो "ऱ्यां" आहे ना, तो कीबोर्डवर दोन तऱ्हांनी उमटवता येतो. दिसायला हुबेहूब, आईलासुद्धा ओळखू येणार नाही. पण यंत्राच्या पोटात त्या दोन निरनिराळ्या गोष्टी. सुतारपक्षीण टाचणीला म्हणाली, मला नवीन वही हवी, माझं नाव "साऱ्यांची आजी". मी उमटवला त्याच्या दुसऱ्या तऱ्हेचा "ऱ्यां" घालून. दारावर जो असतो त्याने तपासलं, ह्या नावाची कुणी आधीच आहे का? नाही, ही वेगळी. या, तुमचा नवा पासवर्ड ठेवा. ती आत गेली. आतला जो कप्पे सांभाळतो तो म्हणाला, कोण, साऱ्यांची आजी? हा घ्या तुमचा कप्पा. आणि दिला माझा काढून!

म्हणजे दारावरच्याला ती वेगळी वाटली आणि आतल्याला तीच वाटली.

"पण दोघांनी एकच शब्द वापरलाय," खारू म्हणाली. "दोघांनी 'सारखे' का, असंच विचारलंय."

"तेच तर," सुतारपक्षीण म्हणाली. "तुझ्या भाषेत 'सारखे' एकच आहे. मनात येईल तेव्हा ते 'तेच' असं समजतं आणि मनात येईल तेव्हा 'तसंच'. लिहिणाऱ्याला कळतच नाही. अगं, माझ्या भाचीचा चमचा हरवला आणि तसाच दुसरा दिला तर ती फेकून देते. अजून भिंत धरून चालते ती, पण तेच आणि तसंच वेगळं हे तिला कळतं."

खारूला ते लागलं. बराच वेळ ती टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मला कळत नव्हतं असं नाही. मी मुद्दाम एकच शब्द ठेवला. एक शब्द कमी, तेवढं सोपं. आजीला जमायला हवं, असं डोक्यात होतं तेव्हा."

मी चहा ओतला. माझ्या हातून बशीत सांडला थोडा. म्हणजे भोक माझ्यामुळे पडलं की काय? विचारायचं राहून गेलं.

१५ तारीख, गुरुवार

घरात दोन दिवस एकच विषय. सूनबाईच्या म्हणण्याप्रमाणे वहीचं भोक बुजवावं आणि गप्प राहावं. खारू म्हणते, भोक वहीचं नाही, भाषेचं आहे. बेकरीच्या फाटकातून असंच कुणीही जाऊ शकतं. वाचनालयातही. त्या लांबच्या अनोळखी लोकांचं तर काय काय असेल, देव जाणे.

"मग तेही बुजव, पण गुपचूप," सूनबाई म्हणाली. "महिनाअखेर डोक्यावर आली आहे. आपणच दवंडी पिटायची का, की आमच्याकडे भोकं आहेत, या बघायला?"

"सुतारपक्षिणीला माहीतच आहे गं आई." (हे नाव आता खारूही घेते. मी कधी सांगितलं?)

"तिला वहीचं माहीत आहे. बाकीचं तू शोधलंस."

तेवढ्यात घुम्या बोलला. आम्ही सगळे वळून बघायला लागलो, लेकाने पेपर खाली ठेवला.

घुम्या म्हणाला, "'सारखे' काढूनच टाकू. दोन शब्द करू, 'तेच' आणि 'तसेच'. आजवर लिहिलेलं सगळं मोडेल. मोडू दे. आत्ता बेकरी आणि वाचनालय आहे, घरी जाऊन माफी मागता येते. भाषा मोठी झाली की कुणी मोडू देत नाही. जुन्या भाषांमध्ये असली भोकं सगळ्यांना माहीत असतात आणि तशीच ठेवतात, कारण त्यांच्यावर आता घरं उभी आहेत."

एवढं बोलून त्याला घाम फुटला.

मी शिवायचे ना, तेव्हा पोरींचे फ्रॉक पहिल्यांदा घालून बघितले की पुन्हा उसवायचेच. गिऱ्हाईक नाराज व्हायचं, बाई, शिवलेलं उसवता काय? मी म्हणायचे, आत्ता टाके कच्चे आहेत, म्हणून उसवते आहे. हे मी बोलून दाखवलं. सूनबाई म्हणाली, "आई, हा फ्रॉक नाही." बरोबर आहे. पण मग खारूच्या ताटात तिने न विचारता दुसरं अंडं वाढलं.

१७ तारीख, शनिवार

काल खारूने सगळ्या जगाला दिसेल असं लिहून टाकलं. भोक कुठे आहे, कसं आहे, कधीपासून आहे, कुणी शोधलं, आणि चूक माझी. "चूक माझी" हे लिहिताना मी शेजारी बसले होते. तिचं बोट मध्येच थांबलं, मग टिपलं.

आज सकाळी बेकरीवाला आला, पीठ लागलेल्या हातांनीच.

"माझे पाव चोरले का कुणी?"

"नाही काका."

"फाटकातून कुणी शिरलं?"

"नाही. पण शिरता आलं असतं."

"मग सांगितलंत कशाला? सुखाने झोपत होतो, ती झोप उडवलीत! मला माझं पूर्वीचं कुलूप द्या. लोखंडी. ते कुणाचं नाव विचारत नाही."

गेला. टाचणी त्याने काढून टाकली. खारू म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." पण दार लावताना तिने कडी दोनदा चुकवली.

दुपारी चष्मेवाल्या बाई आल्या. मी म्हटलं, झालं, ह्याही निघाल्या. तर त्या मागच्या खोलीत खारूच्या शेजारी ठाण मांडून बसल्या. जिथे जिथे "सारखे" होतं तिथे तिथे खारू विचारत होती, इथे तुम्हाला तेच हवंय की तसंच? पाचव्या की सहाव्या खेपेला बाई ओरडल्याच. "म्हणून! एका नावाची दोन पुस्तकं आहेत आमच्याकडे, एक भुतांचं आणि एक लोणी साठवण्याचं. दरवेळी भलतंच हातात यायचं. मला वाटायचं मीच म्हातारी झाले!" मग त्या इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. लोण्याऐवजी भुतं घरी नेणाऱ्यांनी काय केलं असेल?

२० तारीख, मंगळवार

आता गंमत ऐका. ते लांबचे अनोळखी लोक, ते आजवर गप्प होते. खारूने आपणहून आपलं भोक सांगितलं म्हटल्यावर सगळे जागे झाले. रोज कुणी ना कुणी कळवतंय, अगं, इथेही बघ. अगं, मी इथे टोचलं तर आत गेलं. एकीने तर "पूस" म्हटल्यावर टाचणी पुसत नाहीच, नुसती झाकते, हे शोधलं. घरात फडकं मारणाऱ्या पुष्कळ जणी असंच करतात, त्यात यंत्राला काय बोल लावायचा.

मला वाटलं खारू खचेल. उलट आज पहिल्यांदा शीळ घालत होती. म्हणाली, "आजी, इतके दिवस कुणी बघतच नव्हतं गं. मला वाटायचं भोकं नाहीत." मी म्हटलं, "मग आता टाचणीला भोकं पडली म्हणायची." "पडली." "अगं मग बरंच झालं की, सुई झाली. टाचणीने नुसतं टाचता येतं. दोरा ओवून शिवायचं तर भोक लागतंच." तिने माझ्याकडे असं बघितलं आणि माझा गालगुच्चा घेतला. आजीचा! घुम्यादेखत!

सूनबाई बेकरीत गेली होती. बराच वेळ लावला आणि पाव न घेताच परत आली, चेहरा लाल. म्हणाली, "त्यांच्याकडचे पाव हल्ली बरे नसतात. आता दुसरीकडून आणायचे." मला तर बरे लागायचे. पण असेल बाई.

२३ तारीख, शुक्रवार

पाणीखात्याचा काही निरोप नाही. सुतारपक्षीणही आली नाही. तिने सगळं जाऊन सांगितलं असणार, तिचं कामच आहे ते.

सूनबाईने खारूचा जाड कोट बाहेर काढला. तिकडे थंडी असते म्हणे. बाह्या आखूड झाल्या आहेत, मी म्हटलं, आण इकडे. दुमड सोडवली, आत दोन बोटं कापड होतं. सुई ओवायला तेवढी खारू लागते. तिने ओवून दिली आणि माझ्या पायाशी बसून राहिली. मी म्हटलं, "तिकडच्या काचा कोण पुसत असेल?" ती म्हणाली, "माणसं असतील."

घुम्यालाही त्या कचेरीत जागा मिळत होती, हे आज कळलं. खारूबरोबरच विचारलं होतं त्याला. त्याने कधीच नाही कळवून टाकलं. खारूने विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "इथे बरं आहे." कान लाल झाले त्याचे. आता त्या खोलीत काय बरं आहे? खिडकीचं तावदान तर बंदसुद्धा होत नाही. सर्दी झाली असेल कानात.

मी आज देवाला काही मागितलं नाही. कुठल्या बाजूने मागायचं तेच ठरेना. पोरगी राहावी असं मागितलं तर तिचं नुकसान, जावी असं मागितलं तर खोटं.

२६ तारीख, सोमवार

आल्या! दोघी आल्या! आज मोठ्या बाई पुढे होत्या, आणि निरोप नाही, फोन नाही, आम्ही आपले भांडी घासताना. मला हात पुसायलासुद्धा वेळ नाही.

मोठ्या बाई बसल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी एक प्रश्न विचारला होता. तोच पुन्हा विचारते. किती भोकं?"

खारूने घुम्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सापडलेली अकरा. नऊ बुजवली. दोन उघडी आहेत."

सूनबाईने माझा दंड धरला. जोरात. खूण उमटली आहे.

"उघडी आहेत?"

"हो. कुठे आहेत ते सांगते. त्यावर काम चाललंय. तोपर्यंत ते दोन शब्द कुणी वापरू नयेत असं सगळ्यांना कळवलंय."

मोठ्या बाई पुन्हा थांबल्या. त्या थांबल्या की मला वाटतं नळाचं पाणी गेलं. मग म्हणाल्या, "आमची हल्लीची भाषा जवळजवळ माझ्या वयाची आहे. तिच्यात इतकी भोकं निघाली आहेत, की त्यांचाच मागोवा घ्यायला मी एक माणूस ठेवला आहे. पण ती कुठे आहेत ते मला माहीत असतं. त्या दिवशी तू म्हणालीस एकही नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे कुणी बघितलेलं नाही. तेव्हाच माझं नाही ठरलं होतं. जिन्यावरच."

"आणि मी म्हटलं होतं, थांबा, मला चोच मारून बघू द्या," सुतारपक्षीण म्हणाली. चोच! हे बघा, त्या सोमवारच्या पानावरचा माझाच शब्द!

"नंतर तू सगळ्यांदेखत ते लिहिलंस," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला भोक नसलेली भाषा नको आहे. भोक पडल्यावर सांगणारी माणसं हवी आहेत. पण पाणी नाही देणार. एवढ्यात नाही. आधी बागेतलं कारंजं चालवून दाखवा. एक वर्ष. ही टोचत राहील."

सूनबाई माझ्या शेजारून एकदम म्हणाली, "एवढा सगळा खटाटोप करून, बाई, फक्त कारंजं?"

"कारंजं बिघडलं तर मुलं भिजतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाणी बिघडलं तर शहर आजारी पडेल. तुम्ही आई आहात, तुम्ही काय आधी दिलं असतं?"

सूनबाईने विचारलं, "पगार?"

"आई!"

"विचारते आहे नुसतं."

"मिळेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोघांनाही. फार नाही."

घुम्या उठला आणि चहा करायला गेला. सगळ्यांना आणला, आणि आज स्वतःलाही घेतला. खारू त्याच्याकडे बघून हसली, तर त्याने चहावर फुंकर इतकी जोरात घातली की चहा कपाबाहेर सांडला. वेंधळा आहे जरा. पण हाताला चव आहे त्याच्या, हे मला आज कळलं.

दोघी बोलत असतानाच सूनबाई उठून आतल्या खोलीत गेली. मी पाणी आणायला म्हणून मागून गेले, तर ती फोनवर त्या काचांच्या कचेरीशी बोलत होती. म्हणत होती, "नाही, येत नाही ती. हो, नक्की. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. नाही हो, आजारी नाही. इथे काम मिळालंय तिला. शहराच्या पाण्याचं." पाण्याचं! कारंज्याचं म्हणाली नाही! मला बघून तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "आई, इथे काय करताय, बाहेर पाहुण्या आहेत." डोळे ओले होते तिचे. कांदा चिरलेला तर दिसला नाही.

निघताना मोठ्या बाईंनी मला विचारलं, "आजी, तुम्हाला टाचणी जमते ना? अवघड नाही ना वाटत?" मी म्हटलं, "हल्ली जरा वाटते. पूर्वी विचारायची सारखे का, मी हो म्हणायचे. आता विचारते तेच का तसेच, तर मला थांबून विचार करावा लागतो." त्या म्हणाल्या, "मलाही." आणि माझा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या थोडा वेळ, म्हणजे त्यांच्या मानाने थोडा.

जिन्यातून सुतारपक्षीण ओरडून सांगून गेली, की कारंज्याचा नकाशा घेऊन दोघी परत येतो, सकाळीच, आणि आता पाहुण्या म्हणून नाही, कामाला येतो. कधी ते मी खारूला विचारून घेतलं. गुरुवारी. म्हणजे २९ तारखेला.